प्रति: शिस्त आणि यश

या चर्चेत वर दोघातिघांनी लिहिलंय की अमेरिकेत आशियाई मुलं पुढे जातात ती आईवडिलांच्या शिस्तीमुळे. थोडं खरं असेल. पण आधी कायदा बघा. १९६५ मध्ये अमेरिकेत स्थायिक व्हायला येणाऱ्यांसाठीचा देशनिहाय जुना कोटा गेला आणि शिकलेल्यांना दार उघडलं. तेव्हा भारतातून गेले ते मुख्यतः डॉक्टर, इंजिनिअर, संशोधक, म्हणजे आधीच गाळणीतून गेलेले. त्यांची मुलं शिकली यात नवल ते काय!

उलट १९७५ नंतर लाओसमधून निर्वासित म्हणून आलेले ह्मोंग समाजाचे लोक बघा. मिनेसोटात सेंट पॉलला त्यांची मोठी वस्ती आहे. तेही आशियाईच, कुटुंबाला धरून राहणारे, कष्टाळू. पण बहुतेक डोंगरातले शेतकरी, अनेकांनी शाळाच पाहिलेली नाही. पहिल्या पिढीने भरपूर गरिबी काढली. त्यांचे संस्कार कमी पडले म्हणायचं का?

आणि गाळणीतून आलेल्यांचं यश हेच मग सगळ्यांचं माप होतं. १९८५ मध्ये भारतीय वंशाचा बालू नटराजन स्पेलिंग बी (शाळकरी मुलांची इंग्रजी स्पेलिंगची राष्ट्रीय स्पर्धा) जिंकला त्याचं कौतुक झालं. २०१९ मध्ये आठ संयुक्त विजेत्यांत सात भारतीय वंशाचे होते, आता ते गृहीतच धरलं जातं. तिथल्या आपल्या मराठी मंडळांच्या गणेशोत्सवातही ‘मुलगा कुठल्या कॉलेजात?’ हा प्रश्न आरतीआधी येतो. एखादा इलेक्ट्रिशियन झाला (कमाई उत्तम असते, बरं का), तर आईबाप विषय बदलतात. वर ज्या शिस्तीचं कौतुक चाललंय, तिच्यात ही लाज किती असते, हे कुणीतरी तिथे वाढलेल्या मुलांनाच विचारा.