मदत हवी आहे: स्की बूटचा शेल (बाहेरचं कडक प्लॅस्टिक कवच) ९८ मिमी रुंदीचा घ्यावा की १००?

उभं राहून मोजलं तर उजवा पाय २६.७ सेंमी, डावा २६.४. पंजाची रुंदी ९९ मिमी, टाच अरुंद, वजन ८२ किलो. स्कीइंग वेगात आणि सगळीकडे: सकाळचा काचेसारखा बर्फ, दुपारचे मोगल (उतारावरचे बर्फाचे उंचवटे), ट्रॅकबाहेरचं खोल पावडर (भुसभुशीत बर्फ).

लायनर (शेलच्या आतला मऊ बूट) काढून, अनवाणी पाय नुसत्या शेलमध्ये घालून, बोटं पुढे टेकवून पाहिलं. २६.५ साइजमध्ये टाचेमागे १२ मिमी जागा राहते, २७.५ मध्ये दोन बोटं सहज जातात. म्हणजे लांबीचा प्रश्न मिटला. लायनर वापरून दबतोच, मोठा शेल नको.

अडचण रुंदीची आहे. ९८ मिमी लास्टमध्ये (लास्ट म्हणजे पंजापाशी शेलची आतली रुंदी) टाच अगदी घट्ट बसते, पण आतल्या घोट्याच्या खाली-पुढे जे हाड बाहेर येतं ते दहा मिनिटांत ठणकायला लागतं. १०० मध्ये पंजा सुखात, मात्र गुडघा पुढे दाबला की टाच उचलली जाते. मग माणूस बकल आवळतो, पायाची वरची बाजू दबते, बोटं बधिर. शेल गरम करून फुगवता येतो, आवळता येत नाही, म्हणून कल ९८ कडे आहे.

त्या हाडापाशी शेल ३-४ मिमी फुगवला तर तो आकार टिकतो का? आधी कमानीला आधार देणारा फूटबेड (तळव्याखालचा आतला सोल) करून मग फुगवावा ना? आणि फ्लेक्स (बूट पुढे वाकायला किती कडक, त्याचा आकडा) १२० की १३०? आकडे कंपनीगणिक बदलतात, थंडीत प्लॅस्टिक आणखी कडक होतं, म्हणून याच वजनाच्या लोकांचा अनुभव हवा आहे.