आंबा घाटात रिमॅप केलेली पिकअप अचानक दम सोडते, टर्बो गेला म्हणायचं का?

लांजेकर:
गाडी बीएस-४ पिकअप, अडीच लिटर कॉमन रेल (एकाच जास्त प्रेशरच्या पाइपातून, म्हणजे रेलमधून, सगळ्या इंजेक्टरना डिझेल). दिवाळीत रिमॅप करून घेतली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं (ईसीयू) सेटिंग बदललं, तेव्हापासून भरलेली गाडीही मजेत ओढत होती. आता हंगाम सुरू झालाय, हापूसच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला जातो. साखरप्यापर्यंत काही नाही. घाट चढायला लागलो, तिसऱ्या गिअरला काटा दोन हजारांच्या पुढे गेला आणि एक्सिलेटर पूर्ण दाबला, की मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी होते. चेक लाइट लागते. मग दुसऱ्यावर रांगत वर जायचं. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की परत पहिल्यासारखी, पण पुढच्या चढापर्यंतच. सपाटीला कधीच होत नाही.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला तर पी ०२९९ आला, म्हणजे टर्बोचं (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा) प्रेशर कमी. तो म्हणतो टर्बो बदला. ऐन हंगामात एवढे पैसे घालायचे तर खात्री हवी. डिझेल फिल्टर आत्ताच बदललाय.

घाटवेडा:
टर्बोला हात लावायच्या आधी इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणारा) होज बघा. खालच्या बाजूला, जिथे ब्रॅकेटला घासतात तिथे बारीक चीर पडते. गाडी उभी असताना दिसत नाही, प्रेशर आलं की तोंड उघडते. तेलाचा ओघळ दिसला तर समजा तिथेच आहे. नाहीतर टर्बोच्या तोंडाला बूच मारून त्यात ट्यूबचा वॉल्व्ह बसवा, पंक्चरवाल्याकडून एक बारपर्यंत हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा.

आरटीओ_लाइन:
रिमॅप काढा आधी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, गाडीत बदल करण्याबद्दलचं. उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने हे धरलं तर काय कराल?

पंपवाला_कराड:
कलम नंतर बघू, पोराचा माल घाटात अडकलाय.

लांजेकर, स्कॅनर काय म्हणतो ते बाजूला ठेव आणि मला एवढंच सांग, गाडी दम सोडते तेव्हा मागे धूर कसा असतो? स्वतः आरशात बघू नकोस, मागून दुसऱ्या गाडीत कोणाला तरी बसव आणि दिवसा बघ. काळा ढग सुटत असेल तर डिझेल येतंय पण हवा कमी पडतेय. मग घाटवेडा म्हणतात तो होज, नाहीतर टर्बो, नाहीतर ईजीआर (एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह) उघडा अडकलाय. रिमॅपमध्ये धुराची मर्यादा वाढवलेली असते, त्यामुळे हवा गळाली की अशी गाडी काळा धूर मारल्याशिवाय राहत नाही. धूरच नसेल तर मात्र डिझेल कमी पडतंय. आणि तेल कमी पडलं की एक्झॉस्टला जोर नाही, एक्झॉस्टला जोर नाही तर टर्बो फिरणार कशाच्या जिवावर? म्हणजे ०२९९ येणारच. रेल प्रेशर कमी पडल्याचा कोड पी ००८७ असतो, तो काही ट्यूनर (रिमॅप करणारे) फाइलमध्ये बंद करून ठेवतात, म्हणजे गिऱ्हाईक तक्रार घेऊन येत नाही.

आणि टाकीत डिझेल किती असताना होतं तेही सांग.

लांजेकर:
काका, भावाला मागून बाइकवर घेतलं. धूर अजिबात नाही. टाकीचं म्हणाल तर आत्ता लक्षात येतंय, पाव टाकीच्या आसपास जास्त होतं. फुल टाकीवर गेलो होतो तेव्हा अर्धा घाट नीट चढली होती.

पंपवाला_कराड:
मग टर्बोचे पैसे खिशातच ठेव.

ब्लूटूथचा स्कॅनर दोन-चार हजारांत मिळतो, तो मोबाइलला जोड आणि मागितलेलं रेल प्रेशर व मिळालेलं रेल प्रेशर दोन्ही समोर लाव. चढाला बाजूला बसलेल्याने बघायचं, तू रस्ता बघ. मागणी १६०० बारची आणि मिळतात हजार-अकराशे, असं दिसलं तर पुढची टेस्ट कर. टाकीकडून फिल्टरला येणारा पाइप सोडव आणि फिल्टरला स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून नळी दे, फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक नळी लाव. रिटर्नचा पाइपही त्याच कॅनमध्ये सोड, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होईल. कॅन उंच ठेवू नकोस, तेल आपोआप उतरतं आणि कमजोर फीड पंपही ठणठणीत वाटतो. सायलेन्सरपासून लांब, घट्ट बांध. कॅनवर गाडी ओढली तर दोष टाकीकडच्या बाजूला. पारदर्शक नळीत बुडबुडे पळताना दिसले तर फिल्टरच्या हेडला किंवा त्याच्या आधीच्या जोडाला कुठेतरी एअर घेते. बुडबुडे नाहीत आणि तरी ओढत नाही, तर प्रेशर कंट्रोल वॉल्व्ह आणि इंजेक्टरचा लीक-बॅक (इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल) तपासायचा, ते टेस्ट बेंचवाल्याकडे.

एक गोष्ट मात्र करायची नाही. जुन्या पंपाच्या गाड्यांना आम्ही चालू इंजिनवर नोझलचे नट ढिले करून सिलिंडर ओळखायचो. कॉमन रेलला तो प्रकार नको. हजार बारची धार कातडीत घुसते आणि सुरुवातीला नुसतं टोचल्यासारखं वाटतं. हात जायची वेळ येते.

लांजेकर:
काका, कॅनवर गाडी साखरप्यावरून आंबा गावापर्यंत तिसऱ्यावर चढली, लाइट लागली नाही! टाकी उतरवली. सक्शनच्या जाळीवर काळपट, बुळबुळीत साय बसली होती, बोटाने ओढली तर सलग निघाली. पावसाळ्यात आमच्याकडे बॅरलचं डिझेल असतं, तेच वापरत होतो.

घाटवेडा:
पण रिमॅपच्या आधी हे का झालं नाही?

पंपवाला_कराड:
जाळी तेव्हाही अर्धी बंद असणार. कंपनीच्या सेटिंगला जेवढं तेल लागायचं तेवढं येत होतं. रिमॅपने मागणी वाढवली, चढाला माल भरून पूर्ण दाबलं की पुरेना. कोड आला की ईसीयू ताकद कमी करतो, चावी बंद केली की तो मोड सोडतो, थांबलेल्या वेळात सक्शनचा ओढाही उतरतो, म्हणून थोडा वेळ बरी चालायची.

ती साय पाणी आणि डिझेल मिळतं तिथे वाढणाऱ्या जंतूंची. बॅरलच्या तळाला पाणी असणारच, तळाचं डिझेल घेऊ नकोस. टाकी धुतली तरी पाइपात राहिलेलं सुटून येईल, तेव्हा नवीन फिल्टर पुन्हा बदलावा लागेल, एक जास्तीचा गाडीतच ठेव. फिल्टरखालचा पाण्याचा नळ दर आठवड्याला सोड. आणि ट्यूनरकडे जाऊन रेल प्रेशर थोडं उतरवून घे, ००८७ बंद असेल तर चालू करून घे. नाही म्हणाला तर जुनी फाइल परत टाकून माग.