बौद्धिक अक्षमता: जनुकीय तपासणी आणि संशोधन प्रकल्प, साताऱ्याहून सुरुवात कुठून करावी?

वाईची_आई: मुलगा 5 वर्षांचा. दोन शब्दांपुढे बोलत नाही, चालायलाही उशिरा लागला. डॉक्टरांनी जनुकीय तपासणी सुचवलीय, शिवाय एका संशोधन प्रकल्पात नाव घालता का, असंही विचारलंय. त्यासाठी सिकंदराबादलाच जावं लागतं का?

कृष्णाकाठ: नाही ताई. सिकंदराबादची एनआयईपीआयडी ही बौद्धिक दिव्यांगांसाठीची 1984 ची राष्ट्रीय संस्था, पण तिचं प्रादेशिक केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. त्याआधी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं केंद्र) मूल्यमापन करून घ्या. व्हीएसएमएसमध्ये, म्हणजे रोजची कामं किती जमतात ते मोजणाऱ्या चाचणीत, प्रश्न आईलाच विचारतात: हाताने जेवतो का, बटण लावतो का. आपण हातभार लावतो ते काम ‘येतं’ म्हणून सांगू नका. गुणांक फुगतो आणि दिव्यांग प्रमाणपत्राची टक्केवारी घसरते. 40 च्या खाली गेली की बहुतेक सवलती गेल्या. बेरा (ऐकण्याची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) झालंय का?

जनुक_सातारा: रक्ताचं सांगतो. मायक्रोअरे (गुणसूत्रांचे बारीक तुकडे कमी-जास्त आहेत का ते बघणारी तपासणी) आणि फ्रॅजाइल एक्स या जनुकीय आजाराच्या तपासणीसाठी जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी, 2-3 मिली. कॅरिओटाइपला (गुणसूत्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ती तपासणी) हिरव्या झाकणाची हेपारिन नळी, कारण तिथे पेशी जिवंत लागतात. अदलाबदल झाली की पोराला पुन्हा सुई. रक्त घेतल्याबरोबर नळी 8-10 वेळा हलकेच उलटीपालटी करायला सांगा, नाहीतर गुठळी होते. हेपारिनची नळी थंडीने गोठू देऊ नका आणि शनिवारी पाठवू नका. कुरिअर पुण्यात पडून राहिलं की पेशी मरतात.

एक्झोम, म्हणजे जनुकांचा प्रथिनं बनवणारा भाग वाचणारी तपासणी, ‘नॉर्मल’ आली तरी थांबू नका. फ्रॅजाइल एक्समध्ये एफएमआर1 जनुकात सीजीजी या डीएनएच्या तीन अक्षरांची पुनरावृत्ती 200 च्या वर जाते, ती नेहमीच्या एक्झोममध्ये सहसा सापडत नाही. त्याची पीसीआर तपासणी वेगळी लिहून घ्या.

कराड_पालक: प्रकल्पात जरूर नाव घाला, फक्त संमतीपत्र मराठीतलं मागा आणि सही केलेली प्रत घरी आणा. निकाल तुम्हाला कळवणार का, ते त्यात बघा. बऱ्याच अभ्यासांत कळवत नाहीत, म्हणून मुलाची तपासणी त्यांच्या भरवशावर सोडू नका. मधेच बाहेर पडलात तरी उपचार बंद करता येत नाहीत. औषधाची चाचणी असेल तर सीटीआरआय (चाचण्यांची भारतातली सरकारी नोंदवही) क्रमांक विचारा. आणि स्टेम सेल उपचारासाठी पैसे भरा म्हणाले तर सरळ उठून या. स्वमग्नतेसाठी तो उपचार करू नये, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने 2022 मध्येच सांगितलंय. खऱ्या चाचणीत पैसे पालकांकडून घेत नाहीत.

वाईची_आई: टीएसएच नॉर्मल आहे. बेरा राहिलीय.

कृष्णाकाठ: मग तीच आधी. ऐकू कमी येत असेल तर न बोलण्याचं अर्धं कारण तिथेच मिळेल. तपासणी झोपेत होते, तेव्हा आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि गाडीत डुलकी लागू देऊ नका. तिथे झोप नाही लागली तर झोपेचं औषध द्यावं लागतं.