‘व्होडका’ खरोखर ‘उदका’वरून आली आहे का?

प्रश्न (खानापूर) : गेल्या आठवड्यात वडिलांच्या श्राद्धात भटजींनी ‘उदक सोडा’ म्हटले, आणि शेजारी बसलेला, बंगळूरला नोकरी करणारा पुतण्या कानाशी कुजबुजला, ‘काका, व्होडका हा शब्द या उदकावरूनच निघाला आहे.’ हातात दर्भ आणि तीळ असल्यामुळे मी तेव्हा गप्प राहिलो. शंका मात्र मनात राहिली आहे. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव) : पुतण्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. रशियन भाषेत पाण्याला ‘वोदा’ म्हणतात. ढोलाची जशी आपल्याकडे ढोलकी होते, तसा त्याला लहानपणा किंवा लाडिकपणा दाखवणारा ‘का’ हा प्रत्यय लागून ‘वोदका’ झाली, म्हणजे शब्दशः ‘इवलेसे पाणी’. ‘वोदा’, संस्कृत ‘उदक’, इंग्रजी ‘वॉटर’ हे शब्द एकाच आद्य भारत-युरोपीय मुळाचे असल्यामुळे उदक आणि व्होडका ही चुलत भावंडे ठरतात. एकीला दुसऱ्याची लेक म्हणता येणार नाही. गंमत म्हणजे व्हिस्कीही याच भावकीतली आहे : गेलिक भाषेतील ‘जीवनजल’ अशा अर्थाच्या जोडशब्दातला पाण्याचा भाग तेवढा इंग्रजीत टिकला.

उत्तर (निपाणी) : वरील विवेचन मान्य आहे, परंतु रशियात आज ज्याला व्होडका म्हणतात त्या धान्याच्या मद्याला पूर्वी दीर्घकाळ ‘भाकरीची वाइन’ अशा अर्थाचे नाव होते, आणि ‘व्होडका’ हा शब्द सुरुवातीला औषधी अर्कांसाठीही वापरला जाई. युक्रेनमध्ये तर तिला ‘होरील्का’, म्हणजे ‘जळणारी’, म्हणतात. औषध आणि मद्य यांची ही सरमिसळ आपल्याला परकी वाटू नये, कारण आपला ‘दारू’ हा शब्द फारसीतून आला आहे व तिथे त्याचा अर्थ औषध असा आहे. शिवाय आपल्याकडे तोच बंदुकीतही भरला जातो. आपल्या भागात रोज कानावर पडणाऱ्या कन्नडमध्येही ‘मद्दु’ म्हणजे औषध आणि बंदुकीची दारूही. जाता जाता : मेंडेलेयेव या रसायनशास्त्रज्ञाने व्होडकेचे चाळीस टक्के प्रमाण ठरवले, ही कथा खरी नाही. त्याचा 1865 चा प्रबंध मद्यार्क आणि पाणी यांच्या मिश्रणावर होता, व्होडकेवर नव्हे.

प्रश्नकर्ता (खानापूर) : दोघांचेही आभार. पुतण्याला ‘चुलत भावंडे’ एवढेच कळवले आहे. ‘दारू म्हणजे औषध’ हा भाग मुद्दाम कळवलेला नाही.