चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा: निर्मात्यांनी उभारलेल्या पॉप आणि डान्स गटांचे अनुभव

बोनी एम., मिली व्हॅनिली, ब्लॅक बॉक्स, टेक्नोट्रॉनिक या गटांची गाणी आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहेत. त्यांचा खरा कर्ता पडद्यामागचा निर्माता होता आणि पुढे नाचणारा माणूस पुष्कळदा गातच नव्हता. ही गाणी आपल्यापर्यंत कशी पोहोचली आणि आवाज कोणाचा हे कळल्यावर काय वाटले, ते सविस्तर लिहावे. सुरुवात मी करतो.

बोनी एम.चे १९७५ साली निघालेले पहिले गाणे फ्रँक फारियन या जर्मन निर्मात्याने स्टुडिओत एकट्यानेच गायले. ते चालू लागल्यावर टीव्हीसाठी चेहरे हवेत म्हणून चौघांचा गट जमवला गेला. ‘डॅडी कूल’मधला खर्जातला आवाज फारियनचा आहे हे कळल्यानंतर मी त्या गटात पुढे नाचणाऱ्या बॉबी फॅरेलचे जुने चित्रीकरण पुन्हा पाहिले. ओठ अचूक हलतात, पण इतक्या धसमुसळ्या नाचात त्या आवाजाला एकदाही धाप लागत नाही! तरीही सगळा गट बनावट होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट खरोखरच गात होत्या.

एक कोरस गायिका: माझ्या व्यवसायात डमी गाण्याची पद्धत आहे. मुख्य गायिकेला चाल कळावी म्हणून आम्ही गाणे आधी गाऊन ठेवतो. असाच माझा एक आलाप, मला न विचारता, अंतिम ध्वनिमुद्रणात तसाच राहिला आणि श्रेयनामावलीत माझे नाव आले नाही. त्यामुळे मार्था वॉश या अमेरिकन गायिकेची हकीकत मला फार जवळची वाटते. १९९० साली सी अँड सी म्युझिक फॅक्टरी या डान्स गटाच्या ‘गॉना मेक यू स्वेट’मध्ये तिचा दणदणीत आवाज वाजत होता आणि व्हिडिओत ओठ हलवत होती दुसरीच सडपातळ गायिका. ब्लॅक बॉक्सच्या गाण्यांतही तिच्या वाट्याला हेच आले. ती न्यायालयात गेली, तडजोड झाली आणि तिचे श्रेय मान्य झाले. ते गाणे ऐकताना मी प्रत्येक वेळी आवाज वाढवते.

एक कीबोर्डवादक: मला निर्मात्याचाच हेवा वाटतो. सिल्व्हर कन्व्हेन्शन या गटाचे ‘फ्लाय, रॉबिन, फ्लाय’ (१९७५) हे अवघ्या सहा शब्दांचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. बाकी सारे काम तंतुवाद्ये आणि ठेका यांनी केले.

मिली व्हॅनिलीचा एक चाहता: हा गटही फारियननेच उभारला होता. त्यात पुढे दिसणारे दोघे तरुण स्वतः गायलेच नव्हते हे सत्य त्याने नोव्हेंबर १९९० मध्ये सांगितले आणि त्या दोघांचे ग्रॅमी पारितोषिक काढून घेण्यात आले. निर्मात्याचा व्यवसाय मात्र पुढे चालू राहिला, याचा मला अजून राग येतो. योजना त्याची होती. नामुष्की तेवढी त्या दोन तरुणांची.

एक नृत्यशिक्षिका: माझे मत वेगळे आहे. टेक्नोट्रॉनिकच्या ‘पंप अप द जॅम’च्या व्हिडिओत दिसणारी मॉडेल ते गाणे गायलेली नाही, आवाज ‘या किड के’ नावाच्या रॅप गायिकेचा आहे, हे मी वर्गात नेहमी सांगते. मुले ऐकून घेतात आणि ठेका पुन्हा लावायला सांगतात. ते रचणाऱ्या जो बोगार्टचे नाव त्यांना माहीत नाही आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेलेही नाही.