मदत हवी आहे: विंचवर वायर रोपऐवजी एचएमपीई दोर टाकावा का?

नमस्कार मंडळी. पावसाळ्याआधी होड्या वाळूवर ओढून घेणाऱ्या विंचचं काम आमच्या वर्कशॉपकडे आलंय. सध्या स्टीलची वायर रोप आहे. खाऱ्या हवेत गंजते, तुटलेल्या तारा हाताला लागतात, आणि ताणाखाली तुटली तर मागे फटका मारते तो वेगळाच.

गिऱ्हाईकाला आता एचएमपीई, म्हणजे डायनीमासारख्या खास मजबूत पॉलिथिलीन धाग्यांचा दोर हवाय, कारण 'स्टीलच्या 15 पट मजबूत' असं त्याने वाचलंय. ते गणित सारख्या वजनाचं, सारख्या जाडीचं नव्हे, एवढं मी समजावलं. तरी मोह मलाही आहे. घनता 0.97, म्हणजे पाण्यावर तरंगतो, गंजत नाही, आणि एकटा माणूस खांद्यावर टाकून नेईल.

पण धाकधूक आहे. हे शेवटी पॉलिथिलीनच. 145 अंशांच्या आसपास वितळतं, आणि कायमच्या वापरासाठी 70 अंशांच्या वर नेऊ नये म्हणतात. आमच्या विंचचा तापणारा ब्रेक दोर गुंडाळायच्या ड्रमला चिकटूनच आहे! शिवाय दोर इतका गुळगुळीत की साधी गाठ सरकते, स्प्लाइसच (टोक दोरातच ओवून केलेला जोड) करावा लागतो.

कोणी प्रत्यक्ष वापरलाय का? वायर रोपने चरे पाडलेला जुना ड्रम नुसता घासून चालेल की बदलावा? वाळूचे कण पेडांत शिरून आतून कापतात, त्यावर वरचं कव्हर कितपत उपयोगी? होडी रात्रभर उतारावर दोराच्याच भरवशावर ठेवली तर तो हळूहळू लांबत जाईल का? आणि मुख्य म्हणजे, दोर बाद करायची वेळ झाली हे कशावरून ओळखता?