चांदीच्या नॅनोवायरवर लेझर टाकून राहिलो, दुसऱ्या टोकाला उजेडच नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला, कॉलेज यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी. प्रोजेक्टला सरफेस प्लाझमॉन घेतला, म्हणजे उजेडासोबत धातूच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन डोलतात अन् ती लाट तारेवरून पळते. विषय लय आवडला, सोडायचा नाही.

नॅनोवायर, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक तारा, केमिस्ट्री लॅबमध्येच बनवल्या, इथिलीन ग्लायकॉलमध्ये सिल्व्हर नायट्रेट अन् पीव्हीपी (एक पॉलिमर), १६० डिग्रीचा ऑइल बाथ. मधातच लाईट गेली की तापमान उतरते अन् तारांऐवजी नुसते कण, म्हणून आता पहाटे करून राहिलो. जमलं की बाटली हलवल्यावर आत चकचकीत रेशमासारख्या रेघा फिरतात, पाहतच राहावं वाटते.

थेंब काचेवर वाळवून मायक्रोस्कोपच्या १०० एक्स लेन्समधून हेलियम-निऑन लेझर (६३३ नॅनोमीटर) पाडतो. तारेच्या मधात पाडला तर काही होत नाही, ते समजते, प्लाझमॉनचा संवेग मोकळ्या उजेडापेक्षा जास्त, गुळगुळीत तारेवर मेळ बसत नाही, टोकाशीच बसते. पण टोकावर पाडूनही तिकडचं टोक काळंच. तारा २०-३० मायक्रॉनच्या, काही स्लाइड दिवाळीच्या आधीच्या. काहून होत असेल? अन् दिसलाच उजेड तर पोलरायझर (उजेडाच्या कंपनाची दिशा ठरवणारी काच) फिरवून कमी-जास्त करता येईल का? सरांना कंट्रोल दाखवायचा आहे.

प्रतिसाद: भाऊ, सगळ्यात आधी, लेझर चालू असताना आयपीसला डोळा लावू नको, कॅमेराच लाव.

तार लांब पडून राहिली. २००५ मध्ये ७८५ नॅनोमीटरला चांदीच्या तारेत लाटेचा पल्ला (जेवढ्या अंतरात तिची तीव्रता ३७ टक्क्यांवर येते) १० मायक्रॉनच्या आसपास मोजला होता, म्हणजे ३० मायक्रॉनवर जेमतेम ५ टक्के उरते, अन् ६३३ ला धातू अजून जास्त खातो. ५ मायक्रॉनवाली शोध. जुन्या स्लाइड सोड, हवेतल्या गंधकाने चांदीवर सल्फाइड चढते अन् लाट तिथंच मरते. इकडच्या टोकाची चमक कॅमेऱ्यात फार येते, त्यात तिकडचा बारीक ठिपका दबतो, ती फ्रेमबाहेर ठेवून एक्स्पोजर वाढव.

पोलरायझेशन, म्हणजे उजेडाच्या कंपनाची दिशा, तारेला समांतर ठेव. बारीक तारेत ९० अंश फिरवलं की तिकडचा उजेड बराच पडतो, हाच तुझा कंट्रोल. एका तारेला दुसरी चिकटलेली जागा सापडली तर अजून मजा, पोलरायझेशन बदललं की लाट कोणत्या फांदीत जास्त जाईल तेही बदलते. छोट्या तारेचा फोटो निघाला की इथं टाक, पोलरायझरचा अँगल पण लिही.